भरल्या पोटाचं लोखंड

कल्याणीनं भरतासाठी वांगं शेगडीवर ठेवलं होतं आणि मार्तंड खिडकीला आरसा टेकवून दाढी करत होता. वांग्याची साल तडकल्याचा बारीक आवाज आला म्हणून त्यानं सहज मान वळवली. काळ्या सालीला चीर गेली होती, तिच्यातून पांढुरका गर फसफसत बाहेर येत होता. त्यातला एक थेंब निखाऱ्यावर पडला, चर्र झालं आणि करपट वास खोलीभर पसरला. मार्तंडाचा वस्तरा गालावरच थांबला. अर्धं तोंड साबणानं माखलेलं, तसाच तो न्हाणीत गेला आणि मोरीवर वाकला. पोट रिकामंच होतं. कडू पाणी तेवढं आलं. साबणाचा फेस ओठांवरून आत गेला तेव्हा त्याला पुन्हा उमासा आला.

"काय झालं हो?" कल्याणी दारात येऊन उभी राहिली.

"पित्त असेल."

"पित्त कसलं? निपाणीहून आल्यापासून बघतेय मी. पानावर बसता आणि चिवडून उठता. तिथं काय झालं ते एकदा बोलून तरी टाका."

"काय व्हायचंय? पेटी चांगली चालली."

हे खरंच होतं. त्यानं केलेली विजेची पेटी चांगली चालली होती. गेल्या गुरुवारपासून तो स्वतःला तेच सांगत होता, आणि दर वेळी त्या वाक्याच्या तळाशी काहीतरी बुळबुळीत लागत होतं. कल्याणी तोंड धुवायला तांब्या देऊन आत गेली. चहा झाला तेव्हा त्याच्यावर साय धरली होती. त्यानं ती बोटानं बाजूला केली, ती बोटालाच चिकटली. त्यानं बोट पुसलं आणि चहा तसाच ठेवून तो दुकानाला निघाला.

गणपत गल्लीतल्या त्याच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात डॉक्टर हेरेकर पहिल्यांदा आले ते मागच्या उन्हाळ्यात. लढाई संपून वर्ष होत आलं होतं आणि मार्तंड बंगळूरच्या लष्करी वायरलेस वर्कशॉपमधून सुटून बेळगावला परतला होता. डॉक्टर डोळ्यांचे, हात नाजूक, कपडे स्वच्छ, बोलणं मृदू. डोळ्याच्या बुबुळावर जखम झाली, औषधानं ती आटोक्यात येईना आणि पसरू लागली, की ते तिच्या कडा विजेच्या तारेनं डागत. प्लॅटिनमची केसासारखी तार, तिच्यात सहा व्होल्टांची वीज सोडायची, तार गाजराच्या रंगाची झाली की जखमेला नुसती टेकवायची. वीज कमी पडली तर तार काळी राहते आणि बुबुळाला चिकटते. जास्त झाली तर पांढरी होते आणि भोक पाडते. "आणि आपल्या भागातली वीज कशी आहे ते तुम्ही जाणता," डॉक्टर म्हणाले होते. मार्तंड जाणत होता. बेळगावात दोनशेतीस व्होल्ट म्हणायचे आणि दिवेलागणीला एकशेऐंशीही मिळायचे नाहीत. संकेश्वरला एका कारखानदाराच्या डायनामोवर एकशेदहा. निपाणीला तंबाखूच्या शेठनी वखारीसाठी तेलाचं इंजिन बसवलं होतं, ते तर मनाला येईल तसं पळायचं. पूर्वी डॉक्टर मोटारीची बॅटरी घेऊन हिंडत, पण लढाईत चांगल्या बॅटऱ्या मिळेनाशा झाल्या, आणि होती तिचं ॲसिड सांडून गाडीची बैठक जळाली. "मला एक लहान पेटी करून द्या, मार्तंडराव. कुठल्याही गावात, कुठल्याही भिंतीला लावली तरी तार तेवढीच तापली पाहिजे. गोरगरिबांचे डोळे वाचतील."

डोळे वाचतील हे ऐकून मार्तंडाला बरं वाटलं होतं, पण कामाला लागल्यावर डोळे त्याच्या मनातून गेले. राहिलं ते लोखंड. कँपातल्या लिलावात लष्कराचा जुना माल भंगारात जात होता. तिथून त्यानं तांब्याची तार, लोखंडाचे पातळ पत्रे आणि धातूच्या डबीतले कंडेन्सर आणले. युक्ती त्याला बंगळूरलाच कळली होती. पत्र्यांच्या गाभ्याभोवती तारेची वेटोळी घालायची आणि गाभा मुद्दाम अरुंद ठेवायचा, म्हणजे थोड्याशा विजेतच त्याचं पोट भरतं. एकदा पोट भरलं की वरून कितीही वाढा, लोखंड जास्त घेत नाही, आणि घेत नाही म्हणून पुढे देतही नाही. भिंतीत एकशेसत्तर असोत की अडीचशे, त्या टोकाला सहा ते सहाच. एकशेदहाच्या गावासाठी वेगळा खटका. अडलं ते निपाणीच्या इंजिनापाशी. इंजिनाची चाल बदलली की लोखंडाची भूकच बदलायची आणि सहाचे सात व्हायचे. त्या एका व्होल्टासाठी त्यानं सगळा पावसाळा घालवला. वेटोळी सोडली, पुन्हा गुंडाळली, आणखी एक कंडेन्सर बसवून इंजिनाची चाल आणि लोखंडाची भूक एकमेकांविरुद्ध लावून दिली. गिऱ्हाइकांचे रेडिओ फळीवर पडून राहिले. दिल्लीच्या बातम्या ऐकायला दुकानाच्या पायरीवर जमणारी माणसं हळूहळू दुसऱ्या दुकानाकडे वळली. शेवटी सगळा पसारा पानाच्या डब्यापेक्षा थोड्याच मोठ्या पेटीत मावला. पेटीत बारीक गुणगुण चालायची आणि ती निखाऱ्यावरून उतरवलेल्या तव्यासारखी तापायची; भरल्या पोटाच्या लोखंडाचा तो धर्मच. मीटरचा काटा मात्र सहावर जो बसायचा तो हलायचा नाही. त्या काट्याकडे बघताना मार्तंडाला जे सुख व्हायचं ते त्याला आयुष्यात दुसऱ्या कशानंही झालं नव्हतं, आणि हे त्यानं कल्याणीला कधी सांगितलं नव्हतं.

मागच्या गुरुवारी डॉक्टर त्याला गाडीत घालून निपाणीला घेऊन गेले. शेठच्या वखारीला लागून पत्र्याची एक लांब खोली होती. तिथं डॉक्टरांचं मोफत शिबिर दर गुरुवारी भरणार होतं, खर्च शेठचा. मार्तंड गाडीतून उतरला तसा तंबाखूचा खकाणा त्याच्या नाकात शिरला. हवा पिवळी होती. वखारीत बायका पानं कुटत होत्या, चाळत होत्या. त्यांच्या भुवयांवर, पापण्यांवर, ओठांच्या कोपऱ्यांत ती पिवळी पूड बसली होती. घामानं ती भिजायची आणि डोळ्यांत उतरायची. डोळा चुरचुरला की त्या तोच पुडीनं माखलेला हात डोळ्याला लावायच्या. मग बुबुळाला जखम आणि जखमेवर पू. अशा बायका भिंतीला पाठ लावून ओळीनं बसल्या होत्या. कुणाचा एक डोळा गळत होता, कुणाचे दोन्ही. माश्या उठत होत्या आणि पुन्हा तिथंच बसत होत्या. मार्तंडानं रुमाल नाकाला लावला, मग लाज वाटून काढला, मग पुन्हा लावला.

पाचव्या की सहाव्या बाईला आण्णाप्पानं पुढे आणलं. आण्णाप्पा शेठचा मुकादम; त्यानं तिला दंडाला धरून बाकावर निजवलं. तिचं नाव मालुबाई. हडकुळी होती, चाळिशीची असेल नाहीतर तिशीचीही असेल. डॉक्टरांनी तिच्या डाव्या डोळ्यात डोळा बधिर करणारे कोकेनचे थेंब टाकले आणि लगेच तार हातात घेतली. मार्तंड पेटीपाशी तिच्या उशाशी उभा होता. ती त्याच्याकडेच वळून म्हणाली, "अण्णा, औषिद अजून चढलं न्हाय वं. जरा दम धरा की." त्यानं मीटर पुढे ओढला. बोलायचं त्याचं कामच नव्हतं. डॉक्टरांनी पायाखालची कळ दाबली, तार गाजराच्या रंगाची झाली, आणि त्याच क्षणी पलीकडे इंजिनानं चाल बदलली. छपराचा दिवा मंदावला, मग भकभकला. मार्तंडाचे डोळे काट्यावर होते. काटा सहावर होता. मालुबाईचं अंग धनुष्यासारखं वर उचललं गेलं, आण्णाप्पानं तिचे खांदे दाबून धरले, तिचा हात चाचपडत आला आणि मार्तंडाच्या मनगटात रुतला. पापणीचा एक केस जळल्याचा वास आला. दिवा पुन्हा मंदावला, पुन्हा उजळला, काटा सहावर. आणि मार्तंड म्हणाला, "वा."

मोठ्यानं म्हणाला की मनातल्या मनात, हे त्याला नंतर कधीच ठरवता आलं नाही. मनगट सोडवून न घेता तो दुसऱ्या हातानं मीटर सावरत होता एवढं आठवत होतं. तिच्या नखांच्या चार खुणा मनगटावर उमटल्या होत्या, आणि त्या दिसल्यावर त्याला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर नखांतली पिवळी घाण आपल्या कातड्यात गेली असेल, हे. "छान," डॉक्टर म्हणाले होते. "उजवा पुढच्या गुरुवारी. आण्णाप्पा, पुढची." दुपारपर्यंत सगळी रांग संपली. शेठ स्वतः येऊन गेले, पेटीवर बोटं वाजवून म्हणाले, असल्या आणखी पेट्या करून द्या, आपल्या सगळ्या वखारींना लागतील. बेळगावातल्या दवाखान्यात याच कामाला तीन दिवस लागले असते, असं डॉक्टर परतीच्या वाटेवर म्हणाले आणि त्यांनी मार्तंडाचा खांदा थोपटला.

तेव्हापासून हे सुरू झालं. दुकानात येणाऱ्या पेन्शनरच्या अंगठ्यावरची तपकीर, न्हाव्याच्या वाटीतलं केसाळ पाणी, डिंकाची बाटली, तारा डाखताना स्वतःच्या बोटांना लागणाऱ्या राळेचा वास. जे जे ओलं, चिकट आणि करपट, ते ते त्याच्या घशाशी येऊन बसू लागलं. मनगटावरच्या खुणा दोन दिवसांत गेल्या तरी तो आंघोळीला ते मनगट राखेनं घासत होता. लष्करात त्यानं माणसं जळालेली पाहिली होती, एकदा ट्रान्समीटरला चिकटलेला शिपाई स्वतः लाकडानं सोडवला होता, आणि त्या दिवशी तो पोटभर जेवला होता. मग आत्ताच हे काय? पेटीत दोष असता तर समजलं असतं. दोष शोधायला तो शिकला होता. ज्याच्यात दोषच नाही त्याचं काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आज दुकान उघडून त्यानं एका वकिलांचा रेडिओ खोलला. फळीवरच्या दुसऱ्या रेडिओवर सकाळच्या बातम्या लागल्या होत्या म्हणून दोघं-तिघं पायरीवर येऊन उभे राहिले. मध्येच वीज उतरली. निवेदकाचा आवाज बारीक होत होत गेला, दिव्याची तार लाल झाली. "घ्या, झालं," पायरीवरचा एक जण म्हणाला. दुसऱ्यानं विडी काढली. सगळे थांबले. काही करता येत नव्हतं म्हणून थांबले. कुणी आकाशाकडे बघितलं, कुणी शेजारच्याची चौकशी केली. आणि त्या रिकाम्या वेळात मार्तंडाच्या डोळ्यांपुढे डॉक्टरांचा जुना दवाखाना उभा राहिला, पेटी करण्याआधी तो वीज मोजायला जायचा तेव्हाचा. रोगी बाकावर निजलेला, डोळ्यात थेंब घातलेले, आणि डॉक्टर तार हातात धरून विजेला शिव्या घालतायत. मग तार खाली ठेवतात, चहा मागवतात, रोग्याला विचारतात, कुठल्या गावचा, जोंधळा कसा आलाय यंदा. उचगावच्या एका म्हाताऱ्यानं तर त्या वेळात आपल्या बैलाचं सगळं दुखणं सांगितलं होतं. मग वीज यायची, तार टेकवली जायची, आणि म्हातारा विचारायचा, झालं व्हय? तिथं कधी कुणी ओरडलेलं मार्तंडाला आठवेना. त्यानं आठवायचा खूप प्रयत्न केला. एकही किंकाळी आठवेना.

तो स्टुलावर बसला. थेंबांना चढायला वेळ डॉक्टरांनी दिला नव्हता, तो खराब विजेनं दिला होता. आणि सगळा पावसाळा खपून, लोखंडाचं पोट भरून, त्यानं नेमका तोच वेळ काढून टाकला होता. वीज परत आली, निवेदकाचा आवाज चढला, पायरीवरची माणसं पुढे सरकली. मार्तंडानं उघड्या रेडिओवर फडकं टाकलं आणि तो मागच्या गटाराशी जाऊन थुंकला, पुन्हा थुंकला, पण तोंडातला कडूपणा जाईना.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, पेटी मांडीवर घेऊन तो सर्व्हिस मोटारीनं निपाणीला निघाला. डॉक्टर आदल्या दिवशीच शेठच्या बंगल्यावर मुक्कामाला गेले होते. मोटारीत शेजारी एक माणूस भज्यांचा पुडा उघडून बसला होता आणि बोटं चाटत होता. मार्तंड बाहेर बघत राहिला. डॉक्टरांना सरळ सांगायचं, असं त्यानं ठरवलं. शिकलेला माणूस आहे, वाईट माणूस नाही. संकेश्वर गेलं, उसाचे मळे गेले, आणि त्याच्या मनात आलं की डॉक्टर वाईट माणूस असते तर किती सोपं झालं असतं.

डॉक्टर साबणानं हात धूत होते. मार्तंडानं शब्द जुळवून ठेवले होते ते सगळे विसरून तो म्हणाला, "डॉक्टर, थेंब चढायला वेळ द्यायला हवा. बायकांना फार लागतं."

डॉक्टरांनी त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. "तुमचं मन हळवं आहे. अहो, उन्हात काट्याकुट्यात वाढलेली माणसं ही. आपल्याला वाटतं तितकं त्यांना लागत नाही. आणि शेठना संध्याकाळच्या आत कामावर बायका हव्यात. त्यांनीच खर्च उचलला नाही तर यांतल्या निम्म्या आंधळ्या होतील. तसं होऊ द्यायचं का?"

"तसं नाही. पण थोडा वेळ..."

"थोडा थोडा करत दिवस जातो. आता तर वीजही आपल्या ताब्यात आहे. ते तुमचंच यश, मार्तंडराव." ते हसले आणि टॉवेलनं एकेक बोट पुसू लागले. बोटं लांब, गुलाबी, अतिशय स्वच्छ होती. त्या स्वच्छ बोटांकडे बघवेना म्हणून मार्तंडानं मान फिरवली, तर भिंतीशी रांग होती, आणि रांगेत तिसरी मालुबाई. डाव्या डोळ्यावर चिंधी बांधलेली. उरलेल्या डोळ्यानं ती पेटीकडे बघत होती.

पहिली बाई निजली. थेंब पडले, तार तापली, बाई ओरडली. आण्णाप्पानं खांदे दाबले. काटा सहावर होता. ती उठून भिंत धरत गेली. आण्णाप्पा दुसरीला घेऊन आला तेव्हा मार्तंडानं हात पुढे केला आणि पेटीचा खटका बंद केला. गुणगुण थांबली. एवढा वेळ ती गुणगुण सगळ्यांच्या कानांत होती हे ती थांबल्यावर कळलं.

"काय झालं?" डॉक्टर म्हणाले.

"तापलीय. निवायला हवी."

"मागच्या खेपेला नव्हती तापली?"

"तेव्हा निभावलं." पुढचं वाक्य बोलताना आपल्याच कामाच्या तोंडात मारल्यासारखं त्याला वाटलं. "गाभ्यात दोष राहिलाय. प्रत्येक बाईनंतर निवू दिली नाही, तर सहाचे किती होतील सांगता येत नाही. तार पांढरी होईल."

डॉक्टरांनी बोट पेटीला लावलं आणि झटकन मागे घेतलं. ती तापलेली होतीच. ती नेहमीच तापायची, आणि तशी तापलेली दिवसभर चालली असती. डॉक्टरांच्या कपाळावर पहिल्यांदा आठी उमटली. "हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं. मी शेठना शब्द देऊन बसलो."

"चुकलं माझं."

"सगळा पावसाळा हेच करत होता तुम्ही?" डॉक्टर मृदूपणेच म्हणाले, पण त्या मृदूपणात आता मघाचं कौतुक नव्हतं. रिकामं बसायला नको म्हणून ते निजलेल्या बाईकडे वळले आणि तिच्या डोळ्यात थेंब घालून ठेवले. आण्णाप्पा बाहेर जाऊन शेठशी बोलून आला. "शेठ म्हंत्यात, असलं डबडं आमास्नी नको. हुबळीचा कोन कारागीर हाय, त्येला इचारतो म्हंत्यात." हे तो सगळ्यांसमोर म्हणाला. रांगेतल्या दोघीतिघी हसल्या. मार्तंडाला आपल्या कानाच्या पाळ्या गरम झालेल्या कळल्या. त्यानं क्षणभर हिशेब केला; खटका लावावा, इंजिनवाल्याला चाल कमीजास्त करायला सांगावं, आणि शेठना बोलावून काटा दाखवावा. बघा म्हणावं. हुबळीत नाही, मुंबईत नाही, असलं काम बघा. ती इच्छा इतकी जोरात उसळली की त्याचा हात खरोखरच खटक्याकडे गेला. आणि तीच इच्छा, तेच ते 'वा', इतक्या बायकांच्या डोळ्यांवरून चालत पुन्हा तोंडाशी आलेलं पाहून त्याला स्वतःची शिसारी आली. त्यानं हात खिशात घातला.

डॉक्टर कंटाळून येरझाऱ्या घालत राहिले, मग खुर्चीवर बसले, मग त्यांनी निजलेल्या बाईला विचारलं, "गाव कुठलं तुझं?" ती म्हणाली, गुंजी, हिकडं दिल्यालं. बापाच्या शेतात हत्ती आला होता ते ती सांगू लागली. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मार्तंडानं खटका लावला. तार टेकली तेव्हा ती बाई हत्तीचंच सांगत होती.

मग मालुबाई आली. निजण्याआधी तिनं मार्तंडाकडे पाहून पदर आवळला. थेंब पडले आणि ती मुठी वळून, दात आवळून वाट बघत राहिली. बराच वेळ काहीच झालं नाही. तिच्या मुठी हळूहळू सुटल्या. तार टेकली, बाजूला झाली. ती तशीच निजून होती.

"झालं," डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला वळले.

ती उठून बसली. आता दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. मार्तंड जिथं उभा होता त्याच्या थोडं डावीकडे तोंड करून ती म्हणाली, "आज न्हाय लागलं, अण्णा."

"बरं झालं."

"त्या दिशी लई आग झालती. पेटी बिघडल्याली काय तवा?"

मार्तंडानं काट्याकडे पाहिलं. काटा सहावर होता.

"व्हय," तो म्हणाला. "तेव्हा बिघडलेली होती."

"मग आता चांगली केलासा म्हनायचं." तिनं हात पुढे करून बाकाची कड शोधली आणि ती उठली. आण्णाप्पानं तिला दाराशी नेऊन दुसऱ्या बाईच्या हातात दिलं. उघड्या दारातून खकाण्याचा एक लोट आत आला आणि मार्तंडाच्या जिभेवर बसला. त्या दोघी घराच्या वाटेला लागल्या नाहीत. वखारीच्या भिंतीला हात लावत कुटायच्या छपराकडे वळल्या. आंधळ्या बाईलाही बसून चाळण हलवता येते. मार्तंडानं हे पाहिलं, आणि पोटातून वर आलेलं कडू पाणी त्यानं सगळ्यांसमोर गिळलं.

आण्णाप्पानं पुढची बाई बाकावर आडवी केली होती. डॉक्टरांनी थेंब घातले, तार उचलली, आणि पाय कळीवर ठेवून ते थांबले. मार्तंडानं तळहात पेटीवर टेकवला. पत्रा चांगलाच पोळत होता. त्यानं हात काढला नाही.

"अजून निवली नाही," तो म्हणाला.